घटक ४ : पटकथाकार ग. दि. माडगूळकर – चरित्र आणि लेखनव्यवसाय

४.१ प्रास्ताविक

ग. दि. माडगूळकर हे नाव आपल्याला नवीन नाही. ‘गीतरामायण’ आपण ऐकलेले आहे, त्यांच्या कविता शाळेत अभ्यासलेल्या आहेत आणि त्यांची चित्रपटगीते तर आपल्या कानांवर नकळत पडत आलेली आहेत. या सर्व आठवणींत माडगूळकर आपल्यापुढे कवी म्हणून उभे राहतात. प्रस्तुत घटकात आपण त्यांच्या वेगळ्या कामाकडे पाहणार आहोत. ज्या कामावर त्यांचे घर चालले आणि ज्यात त्यांच्या आयुष्याची जवळजवळ चाळीस वर्षे गेली, ते काम म्हणजे चित्रपटलेखन.

हा विषय निवडण्यामागे एक हेतू आहे. आपल्यापैकी काही जण चित्रपट वा दूरचित्रवाणी मालिकांसाठी लेखन करू इच्छितात. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून रोज लोकलने मुंबई गाठणारे, किंवा कारखान्यातील पाळी सांभाळून रात्री वही उघडणारे विद्यार्थी त्यांत आहेत. या व्यवसायात शिरण्यासाठी कोणती पदवी लागते, हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. माडगूळकरांचे चरित्र या प्रश्नाचे सोपे उत्तर देत नाही. हा व्यवसाय लेखकाकडून काय मागतो आणि त्याच्या पदरात काय टाकतो, हे मात्र त्यातून स्पष्टपणे समजते.

४.२ कथा, पटकथा आणि संवाद

चरित्राकडे वळण्यापूर्वी तीन संज्ञा समजून घेऊ. चित्रपटाची कथा म्हणजे घटनांचा सांगाडा : कोणाच्या बाबतीत काय घडले आणि का घडले. पटकथा म्हणजे त्या घटनांची दृश्यांमध्ये केलेली मांडणी. कोणते दृश्य आधी यावे, प्रेक्षकाला कोणती गोष्ट केव्हा कळावी, कोणती गोष्ट न सांगता केवळ दाखवावी, याचे निर्णय पटकथेत होतात. संवाद म्हणजे पात्रांच्या तोंडची भाषा. मोठ्या निर्मितीत ही तीन कामे तीन व्यक्तींकडे असू शकतात. माडगूळकरांनी अनेक चित्रपटांत ती तिन्ही कामे एकट्याने केली आणि त्यांत गीतांची भर घातली. काही चित्रपटांत तर ते अभिनेते म्हणूनही दिसतात. ही अष्टपैलू तयारी त्यांच्याकडे कोठून आली, हे आता पाहू.

४.३ माणदेशातील घडण

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे येथे झाला. त्यांचे मूळ गाव माडगुळे. ही दोन्ही गावे आज सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुक्यात येतात. त्या काळी हा भाग औंध संस्थानात होता. पावसाने पाठ फिरवलेला, मेंढपाळांचा आणि कोरडवाहू शेतकऱ्यांचा हा माणदेश. माडगूळकरांच्या घरची परिस्थिती ओढगस्तीची होती. त्यांचे शिक्षण आटपाडी, कुंडल आणि औंध येथे झाले. गणिताने अडवल्यामुळे मॅट्रिकची परीक्षा त्यांना उत्तीर्ण होता आले नाही.

शाळेबाहेर मात्र भाषेचे शिक्षण अखंड चालू होते. आईच्या ओव्या, देवळातील कीर्तन, भजन, तमाशातील लावणी, शाहिरांचा पोवाडा आणि बाजाराच्या दिवशी गावात भरणारी बोली हे सारे त्यांनी कानांनी साठवले. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे. कीर्तनकाराची मराठी, शाहिराची मराठी, धनगराची मराठी आणि संस्थानी कचेरीतील मराठी ही एकाच भाषेची वेगवेगळी रूपे होत. कोणते रूप कोणाच्या तोंडी व कोणत्या प्रसंगी शोभते, हे ज्याला ऐकून कळते, त्याची संवादलेखनाची निम्मी तयारी झालेली असते.

४.४ कोल्हापूर : लेखनिकाची उमेदवारी

पुढील शिक्षणाची वाट बंद झाल्यावर, १९३८ च्या सुमारास, माडगूळकर कोल्हापूरला चित्रपटसृष्टीत दाखल झाले. मास्टर विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी १९३६ मध्ये स्थापन केलेली हंस पिक्चर्स ही संस्था तेव्हा भरात होती. आचार्य अत्रे यांनी लिहिलेल्या ‘ब्रह्मचारी’ (१९३८) या चित्रपटात माडगूळकरांना छोटी भूमिका मिळाली. अशा किरकोळ कामांवर पोट भरणे कठीण होते. तथापि चित्रपट कसा तयार होतो, हे आतून पाहण्याची संधी त्यांना या कामांमुळे मिळाली.

त्यांच्या जडणघडणीतील निर्णायक काम याच काळातले आहे. वि. स. खांडेकर हे तेव्हा हंस पिक्चर्ससाठी चित्रपटकथा लिहीत होते. माडगूळकरांनी त्यांचे लेखनिक म्हणून काम केले. लेखनिकाचे काम वरवर पाहता हमालीचे वाटते : दुसऱ्याने सांगावे आणि आपण उतरवून घ्यावे. परंतु वाक्य कसे सुरू होते, कोठे अडते, लेखक ते का बदलतो आणि प्रसंगाला वळण कोठे देतो, हे लेखनिकाला रोज समोर दिसते. तयार पुस्तक वाचणाऱ्याला ही घडण दिसत नाही. शिवाय खांडेकरांचा ग्रंथसंग्रह त्यांना वाचावयास मिळाला. परीक्षेत अपुरी राहिलेली विद्या त्यांनी येथे पुरी केली. पुढे नवयुग या संस्थेत के. नारायण काळे यांच्या हाताखाली त्यांनी दिग्दर्शनातील साहाय्यकाचे काम केले. अभिनय, लेखन आणि दिग्दर्शन या तिन्ही अंगांचा परिचय असा हाताखालच्या माणसाच्या जागेवरून झाला.

येथे एक सावधगिरी बाळगावयास हवी. मॅट्रिक नापास झालेला माणूस मोठा लेखक झाला, म्हणून शिक्षण अनावश्यक आहे, असा अर्थ या चरित्रातून काढू नये. माडगूळकरांना शिक्षणाला पर्याय सापडला नाही. शिक्षणाची दुसरी जागा सापडली. तेथे शिस्त कमी नव्हती, उलट अधिक कडक होती. नोकरी व संसार सांभाळून शिकणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांना हा भेद लगेच पटेल.

४.५ ‘लोकशाहीर राम जोशी’ : लेखकाचा उदय

१९४२ मध्ये ‘भक्त दामाजी’ आणि ‘पहिला पाळणा’ या चित्रपटांची गीते माडगूळकरांनी लिहिली. कथा, पटकथा, संवाद आणि गीते या सर्व अंगांनी त्यांची ओळख महाराष्ट्राला झाली ती राजकमल संस्थेच्या ‘लोकशाहीर राम जोशी’ (१९४७) या चित्रपटामुळे.

पेशवाईच्या उत्तरकाळातील राम जोशी हे सोलापूरचे. ब्राह्मण कुळात जन्मलेला, संस्कृतात पारंगत असलेला हा शाहीर लावणीच्या नादाने तमाशाच्या फडात रमला. अशा नायकाचा चित्रपट लिहिताना लेखकाला दोन टोकांच्या भाषा हाताळाव्या लागतात : एकीकडे पंडिताची, दुसरीकडे फडाची. बालपणी कीर्तन आणि तमाशा दोन्ही ऐकलेल्या माडगूळकरांना हे अंतर परके नव्हते. मूळ शाहिराच्या रचनेशेजारी शोभून दिसतील अशी पदे त्यांनी लिहिली. हा चित्रपट विलक्षण लोकप्रिय झाला आणि मराठीत तमाशाप्रधान चित्रपटांची लाट आली.

४.६ राजाभाऊ परांजपे, सुधीर फडके आणि माडगूळकर

दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके आणि लेखक-गीतकार माडगूळकर या त्रयीने १९५० नंतरच्या दशकात मराठी चित्रपटाला मध्यमवर्गीय घराच्या उंबरठ्यावर आणून बसवले. ‘लाखाची गोष्ट’ (१९५२) मध्ये ठरावीक मुदतीत एक लाख रुपये खर्च करून दाखवण्याची अट आहे. पैसा मिळवणे कठीण, हे सर्वांना ठाऊक असते. तो उडवणेही कठीण ठरावे, या उलट्या कल्पनेतून विनोद निर्माण होतो. ‘ऊन पाऊस’ (१९५४) मध्ये वृद्ध शिक्षक आणि त्यांची पत्नी यांची मुलांच्या संसारात होणारी परवड आहे. ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) मध्ये कामाच्या शोधात भटकणारा साधा माणूस आणि एक अंध मुलगी यांची कथा आहे.

या चित्रपटांची मांडणी पाहिली तर एक समान सूत्र आढळते. कथेचा आरंभ एका वाक्यात सांगता येतो, पात्रांची अडचण प्रेक्षकाच्या ओळखीची असते आणि गीत प्रसंगातून उगवते. गीताचा कवी आणि प्रसंगाचा लेखक एकच असल्यामुळे कथा थांबवून गाणे ऐकवल्याची भावना होत नाही. आपण यांपैकी एखादा चित्रपट पाहाल तेव्हा गीताच्या आधीचे व नंतरचे दृश्य लक्षपूर्वक पाहावे.

मुदतीत लिहिण्याचा कस ‘गीतरामायणा’तही दिसतो. १ एप्रिल १९५५ पासून आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून आठवड्याला एक, याप्रमाणे ५६ गीते प्रसारित झाली. भारतात दूरचित्रवाणी सुरू होण्यापूर्वीची ही एक श्राव्य मालिकाच होती. प्रत्येक भागाला स्वतंत्र आरंभ व शेवट आणि तरीही संपूर्ण कथेशी नाते, हे मालिकालेखनाचे मूलतत्त्व तेथे आढळते. पटकथाकाराची बैठक असल्याशिवाय ही रचना साधली नसती.

४.७ गावाजवळची गोष्ट

माडगूळकरांच्या चित्रपटलेखनातील सर्वांत दूर पोहोचलेली कथा त्यांच्या गावाजवळ घडलेली होती. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही वसाहत उभी राहिली. गंभीर गुन्ह्यांची शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना भिंतींच्या आत न कोंडता शेतीवर ठेवण्याचा तो प्रयोग होता. बेड्यांऐवजी विश्वासाने माणूस बांधला जाईल का, हा त्यामागील प्रश्न होता.

या प्रयोगाच्या आधारे माडगूळकरांनी जी कथा रचली, तिच्यावर व्ही. शांताराम यांनी ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) हा हिंदी चित्रपट निर्माण केला. सहा कैदी, म्हणून बारा हात. आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे अधिकाऱ्याचे दोन डोळे. आकड्यांच्या या साध्या जुळणीत चित्रपटाचा आशय सामावलेला आहे. या चित्रपटास राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळाले आणि १९५८ च्या बर्लिन महोत्सवातही तो गौरवला गेला.

आटपाडी भागातील कितीतरी लोकांना ती वसाहत ठाऊक होती. तिच्यात चित्रपट दडलेला आहे, हे माडगूळकरांना दिसले. आपण आपल्या परिसराकडे या दृष्टीने पाहावे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेले उल्हासनगर, अंबरनाथचे अकराव्या शतकातील शिवमंदिर आणि त्याच गावातील आयुधनिर्माणी, बदलापूर भागात २०१९ च्या पुरात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस : या गोष्टी आपल्या दाराशी आहेत. एकाच बाजारपेठेत सिंधी, हिंदी, शहरी मराठी आणि आगरी बोली ऐकू येते. संवादलेखकाला याहून समृद्ध शाळा मिळणे कठीण.

४.८ श्रेय आणि विस्मरण

आता या व्यवसायाची दुसरी बाजू. ‘दो आँखें बारह हाथ’ म्हटले की आपल्याला व्ही. शांताराम आठवतात, आणि ते योग्यच आहे. ‘नवरंग’ आणि ‘गूँज उठी शहनाई’ (दोन्ही १९५९) या हिंदी चित्रपटांच्या कथाही माडगूळकरांच्या, हे मात्र आज फारच थोड्यांना ठाऊक असते. गीत पडद्यापासून सुटे होऊन रेडिओवर आणि लोकांच्या ओठांवर जगते. पटकथा चित्रपटात विरघळून जाते. ती जितकी चांगली, तितकी दिसेनाशी होते. माडगूळकर कवी म्हणून स्मरणात राहिले आणि पटकथाकार म्हणून मागे पडले, याचे कारण त्यांच्या कामाच्या गुणवत्तेत नसून कामाच्या स्वरूपात आहे.

मागणीनुसार लिहिणारा लेखक दुय्यम, असा समज आपल्या साहित्यविचारात दीर्घकाळ रुजलेला होता. पुण्याच्या ‘पंचवटी’ या आपल्या घरी माडगूळकरांनी निर्मात्याच्या गरजेनुसार, मुदतीत आणि मोबदला घेऊन अफाट लेखन केले. पद्मश्री (१९६९), विधान परिषदेचे सदस्यत्व आणि १९७३ च्या यवतमाळ येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद हे सन्मान त्यांना लाभले. मॅट्रिक न झालेल्या चित्रपटलेखकाने संमेलनाच्या अध्यक्षपदी बसणे, हे त्या जुन्या समजाला मिळालेले उत्तर होते. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

४.९ समारोप

विद्यार्थी मित्रहो, माडगूळकरांच्या चरित्रातून पटकथालेखनाच्या व्यवसायाविषयी तीन गोष्टी हाती लागतात. पहिली, हे काम हाताखाली राहून शिकावे लागते. दुसऱ्याचे वाक्य उतरवून घेण्यात कमीपणा नाही. दुसरी, मागणी दुसऱ्याची असली तरी भाषा आणि अनुभव लेखकाचे स्वतःचे असू शकतात. माणदेश सोडूनही माडगूळकरांनी माणदेश लिहिला. तिसरी, या कामात नाव मागे राहण्याची तयारी ठेवावी लागते. ही तिसरी गोष्ट मान्य असेल, त्यानेच या वाटेला जावे. मान्य नसेल, त्याच्यासाठी कविता, कथा आणि नाटक यांची दारे उघडी आहेतच. तेथे लेखकाचे नाव मुखपृष्ठावर छापले जाते.

स्वाध्याय

१. लेखनिकाच्या कामातून माडगूळकरांना कोणते लेखनशिक्षण मिळाले असावे, ते आपल्या शब्दांत लिहा.
२. कथा, पटकथा आणि संवाद यांतील फरक आपण पाहिलेल्या एका मराठी चित्रपटाच्या आधारे स्पष्ट करा.
३. आपल्या गावात वा वस्तीत घडलेली एक सत्य घटना निवडा. तिची कथा एका वाक्यात सांगा आणि पहिल्या तीन दृश्यांची पटकथा तयार करा. पात्रांच्या तोंडी त्यांचीच बोली ठेवा.