पिशवीला टाका घालणारे डॉ. शिरोडकर, आणि कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये पोचलेला त्यांचा टाका

पिंपरी-चिंचवड असो की चाकण, गरोदर बाईच्या पिशवीला टाका घालावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की घरचे आधी घाबरतात. मग शेजारच्या काकू आपल्या सुनेलाही टाका घातला होता हे सांगतात आणि जरा धीर येतो. हा टाका ज्यांनी जगाला दिला त्यांचं नाव मात्र फारसं कुणाला आठवत नाही.

ते होते डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. जन्म 1899 चा, गोव्यातल्या शिरोड्याचा. (मिठाच्या सत्याग्रहाचं शिरोडं वेगळं, ते सिंधुदुर्गात.) शाळा हुबळीत झाली. पुढे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून 1923 मध्ये ते डॉक्टर झाले, 1927 मध्ये एम.डी. केलं आणि 1931 मध्ये इंग्लंडची एफ.आर.सी.एस. पदवी घेऊन परत आले. 1940 ते 1955 ते ग्रँटमध्येच प्रसूती आणि स्त्रीरोग विभागाचे प्राध्यापक होते.

त्या काळात काही बायकांचा गर्भ दर वेळी चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान पडायचा. फारसं दुखायचंही नाही, पिशवीचं तोंड आपोआप उघडायचं. दोष नशिबाला दिला जायचा, नाहीतर बाईला. शिरोडकरांचं म्हणणं होतं की अशा बायकांच्या पिशवीचं आतलं तोंडच कमजोर असतं, वाढता भार त्याला पेलत नाही. मग त्याला बाहेरून आवळून धरलं तर?

त्यांनी तेच केलं. मूत्राशय थोडं वर सरकवून ते पिशवीच्या आतल्या तोंडापर्यंत पोचायचे आणि तिथे पट्टी बांधायचे. ही पट्टी कशाची? त्याच बाईच्या मांडीतल्या स्नायूंवरच्या चिवट आवरणाची! 1955 मध्ये त्यांनी ही पद्धत ‘अँटिसेप्टिक’ या भारतीय वैद्यकीय मासिकात मांडली. दोनच वर्षांनी ऑस्ट्रेलियाच्या मॅकडोनाल्ड यांनी सोपा प्रकार काढला आणि आज तोच जास्त वापरला जातो. पण जगभरच्या पुस्तकांत शिरोडकरांचं नाव कायम आहे.

1960 मध्ये पद्मभूषण, 1971 मध्ये पद्मविभूषण. त्याच 1971 च्या मार्चमध्ये ते गेले.

टाक्याची गोष्ट मात्र पुढे चालू राहिली, आणि तीही त्यांनी ज्यासाठी तो शोधला नव्हता अशा आजारात.

पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर लवकर सापडला तरी मोठं ऑपरेशन ठरलेलं असायचं. व्हिएन्नाच्या वेर्थहाइम यांनी 1898 पासून रुळवलेलं हे ऑपरेशन म्हणजे गर्भाशय, आजूबाजूचा भाग आणि योनीचा वरचा भाग, सगळं काढायचं. जीव वाचायचा, पण तिशीतल्या बाईचं मूल होण्याचं स्वप्न तिथेच संपायचं. 1987 मध्ये फ्रान्समधल्या लिऑनच्या डॉ. दार्जां यांनी वेगळी वाट धरली. फक्त पिशवीचं तोंड आणि त्याच्या बाजूचा भाग काढायचा, वरची पिशवी ठेवायची. याला ट्रॅकेलेक्टॉमी म्हणतात.

पण तोंडच काढलं तर गर्भ धरून कोण ठेवणार? उत्तर मुंबईत आधीच सापडलेलं होतं. उरलेल्या पिशवीच्या खालच्या टोकाला टाका घालतात आणि तो कायमचा ठेवतात.

हे प्रत्येकीला करता येत नाही. गाठ साधारण 2 सेंटिमीटरपर्यंत असावी आणि लिम्फ नोडमध्ये कॅन्सर नसावा. आणि सगळ्यात कळीची गोष्ट म्हणजे मार्जिन. काढलेल्या तुकड्याच्या कडेला पॅथॉलॉजिस्ट शाई लावतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली गाठ त्या शाईपासून किती मिलिमीटर दूर आहे ते मोजतात. इथे वरची, म्हणजे पिशवीकडची कड महत्त्वाची. पेशंट टेबलावर असतानाच तुकडा गोठवून ती तपासतात. अनेक ठिकाणी किमान 5 ते 10 मिलिमीटर निरोगी भाग मध्ये हवा असा आग्रह धरतात. तेवढा नसेल तर आणखी एक चकती काढतात. तरीही कड साफ नसेल, तर पिशवी वाचवण्याचा हट्ट सोडावा लागतो आणि पिशवी काढणं किंवा केमोसोबत रेडिएशन हे उपाय उरतात.

हे सगळे निकष पाळून निवडलेल्या बायकांमध्ये कॅन्सर परत येण्याचं प्रमाण साधारण शंभरात पाचपेक्षा कमी आहे, म्हणजे पूर्ण पिशवी काढण्याइतकंच. गाठ 2 सेंटिमीटरहून मोठी असेल तर धोका वाढतो. कड साफ आली म्हणून सुटलो असंही नाही. गाठ किती खोल गेली आणि कॅन्सरच्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत शिरल्या का, हेही रिपोर्टमध्ये पाहावं लागतं. परत आलाच तर तो बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत येतो, म्हणून तेव्हा तपासण्या चुकवायच्या नसतात.

एरवी गरोदर बाईचा टाका नवव्या महिन्यात काढतात आणि बाळंतपण नेहमीसारखं होतं. ट्रॅकेलेक्टॉमी झालेल्या बाईचा टाका तसाच राहतो, त्यामुळे तिचं बाळ सिझेरियननेच जन्माला येतं.