पोपसाहेबांची गाडी आणि मदर तेरेसांची सोडत



जानेवारीचा शेवटचा रविवार जगभर कुष्ठरोग दिन म्हणून पाळला जातो. राउल फोलेरो या फ्रेंच कॅथोलिक पत्रकाराने १९५४ साली ही प्रथा सुरू केली. आपल्या देशात गांधीजींच्या पुण्यतिथीला, म्हणजे ३० जानेवारीला, हा दिन पाळतात. यंदा त्या निमित्ताने हिमायतनगरात कुष्ठरुग्णांच्या मदतीसाठी निधी गोळा करणारा एखादा कार्यक्रम करावा, असे आपल्या पाळकीय परिषदेत ठरले आहे. ठरले ते एवढेच. काय करायचे यावर दीड तास चर्चा झाली. कोणी आनंदमेळा सुचवला, कोणी हौजी, तरुणांना नांदेडहून ऑर्केस्ट्रा आणायचा होता. एकाने सोडत काढू या म्हटले. मग एका ज्येष्ठ मावशींनी विचारले, की देणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणार का? त्यावर बैठक गप्पच झाली, आणि आम्हीही.

त्या रात्री आम्ही मदर तेरेसांचे चरित्र पुन्हा काढून बसलो. मदरना जाऊन पाव शतकाहून अधिक काळ लोटला. आपल्या युवक-युवतींपैकी बहुतेकांनी त्यांना फक्त तसबिरीत पाहिले आहे. तसबिरीतल्या मदर सुरकुतलेल्या आणि हात जोडलेल्या असतात. पैशासाठी दारोदार फिरलेली, दुकानात ठाण मांडून बसलेली बाई त्या तसबिरीत दिसत नाही. ह्या लेखात आम्हांला तिच्याबद्दलच सांगायचे आहे.

अग्नेस गोंजा बोयाजिउ ह्या मुलीचा जन्म २६ ऑगस्ट १९१० रोजी स्कोपिये येथे एका अल्बेनियन कुटुंबात झाला. वडील व्यापारी होते. अग्नेस आठ-नऊ वर्षांची असताना ते अचानक वारले आणि घरातला पैसा आटला. आई शिवणकाम आणि भरतकाम करून मुलांना वाढवू लागली, पण जेवायला गरिबांना घरी आणण्याची तिची रीत मोडली नाही. पैसा संपला तरी पंगत चालू ठेवणारी ही आई पुढच्या साऱ्या गोष्टीच्या मुळाशी आहे, असे आम्हांला वाटते.

१९२८ मध्ये अग्नेस लोरेटो धर्मभगिनींच्या संस्थेत दाखल झाल्या आणि जानेवारी १९२९ मध्ये कलकत्त्याला पोहोचल्या. एंटाली येथील सेंट मेरीज शाळेत त्यांनी बरीच वर्षे शिकवले, पुढे त्या मुख्याध्यापिका झाल्या. १९४३ चा बंगालचा दुष्काळ आणि ऑगस्ट १९४६ ची दंगल त्यांनी जवळून पाहिली. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगला जाणाऱ्या रेल्वेत त्यांना गरिबांतल्या गरिबांमध्ये जाऊन राहण्याची हाक आली. परवानगी मिळायला दोन वर्षे गेली. १७ ऑगस्ट १९४८ रोजी निळ्या काठाची साधी पांढरी साडी नेसून त्या लोरेटोच्या मठाबाहेर पडल्या. त्यानंतर बरोबर एका महिन्याने, १७ सप्टेंबरला, आपला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. ह्या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण आपल्या आजोबा-पणजोबांचा काळ तो हाच, हे ध्यानात यावे म्हणून सांगितले.

पाटण्याला मेडिकल मिशन सिस्टर्सकडे काही महिने शुश्रूषेचे प्राथमिक शिक्षण घेऊन त्या मोतीझील झोपडपट्टीत गेल्या. हाताशी पैसा नव्हता. तेव्हा त्या मागायला निघाल्या. क्रीक लेनवरच्या ज्या गोम्स कुटुंबाने त्यांना वरचा मजला राहायला दिला, त्यातले मायकल गोम्स अनेकदा त्यांच्याबरोबर जात. एकदा औषधांची लांबलचक यादी घेऊन त्या एका औषधाच्या दुकानात गेल्या. दुकानदाराने नकार दिला. मदर भांडल्या नाहीत आणि उठल्याही नाहीत. एका बाजूला बसून त्यांनी जपमाळ सुरू केली. माळ संपेपर्यंत दुकानदाराचे मन बदलले आणि औषधे बांधून मिळाली, तीही फुकट.

सगळीकडेच असे झाले नाही. त्या एका धर्मगुरूंकडे गेल्या, तेव्हा काही गैर करत असल्यासारखी वागणूक त्यांना मिळाली. पॅरिशच्या धर्मगुरूंकडे मदत मागा, असा सल्ला त्यांनी दिला. आपण भिक्षा मागून काम चालवणार असे मदरनी सांगताच ते निरोपही न घेता निघून गेले. हा प्रसंग आम्ही प्रत्येक वेळी जरा थांबून वाचतो. आमच्या दारी वर्गणीचे पुस्तक घेऊन येणाऱ्या माणसाकडे आम्ही कोणत्या चेहऱ्याने पाहतो, हे आमच्या स्वयंपाकघरातल्या मावशी तुम्हांला सांगू शकतील.

७ ऑक्टोबर १९५० रोजी मिशनरीज ऑफ चॅरिटी ह्या संस्थेला मान्यता मिळाली. १९५२ मध्ये कालीघाटला मरणासन्नांसाठी निर्मल हृदय सुरू झाले. आणि १९५४ मध्ये आपल्या विषयाशी थेट जोडलेली एक गोष्ट घडली. कलकत्त्यात राहणाऱ्या ॲन ब्लेकी ह्या इंग्रज गृहिणीने मैत्रिणींना जमवून मदरच्या मुलांसाठी नाताळात खेळणी देण्याचे ठरवले. खेळणी पोहोचली, मदरनी आभार मानले आणि लगेच विचारले, की आता मुस्लिम मुलांच्या सणाचे काय? पाठोपाठ हिंदू मुलांच्या दिवाळीचाही विषय निघाला. एका दिवसाचा कार्यक्रम करायला आलेल्या बायका वर्षभराच्या कामाला जुंपल्या गेल्या. कुष्ठरुग्णांचे काम सुरू झाल्यावर त्या पट्ट्या गुंडाळू लागल्या, जुन्या कागदाच्या गोळ्यांसाठी पुड्या करू लागल्या. ह्यातूनच पुढे सहकाऱ्यांची संघटना जगभर पसरली. कार्यक्रमाचे यश गल्ल्यावरून मोजण्याची आपल्याला सवय आहे. मदर मात्र दुसऱ्या दिवशी कोण परत आले ते पाहत.

कुष्ठरोगाचे काम १९५७ चे. नोकरीतून आणि घरातून हाकललेले पाच कुष्ठरुग्ण मदरच्या दारी आले. त्याच सुमारास डॉ. सेन हे निवृत्त त्वचारोग व कुष्ठरोगतज्ज्ञ मदतीला आले आणि सप्टेंबरात फिरता दवाखाना सुरू झाला. त्या काळी डॅप्सोनच्या गोळ्या हाती आल्या होत्या, पण गोळ्या घ्यायला रुग्ण येणार कसा? तो आला की वस्तीला कळणार. म्हणून दवाखानाच त्याच्याकडे गेला. खर्च भागवण्यासाठी मदरनी कलकत्ता शहरात कुष्ठरोग निधीसाठी दिवस ठरवून डबे फिरवले. डब्यांवर कुष्ठरुग्णाला दयेने स्पर्श करण्याचे आवाहन होते. ज्या रोगाच्या नावाने लोक हात आखडून घेत, त्याच्यासाठी मदरनी स्पर्श हाच शब्द निवडला. ह्यामागे बराच विचार असावा.

तीटागढला रेल्वेमार्गालगतच्या जमिनीवर पुढे केंद्र उभे राहिले. तिथे कुष्ठरुग्ण हातमागावर साड्या विणू लागले. मदरच्या धर्मभगिनी नेसतात त्या निळ्या काठाच्या साड्या तिथल्याच. लोक ज्यांच्या हातचे पाणी घेत नव्हते, त्यांनी विणलेले वस्त्र मदरनी संस्थेच्या अंगावर चढवले. त्यासाठी कोणताही कार्यक्रम करावा लागला नाही.

१९६१ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने आसनसोलजवळ ३४ एकर जागा दिली. तिथे रुग्णांनी कुटुंबासह राहावे, शेती करावी, गाव वसवावे, अशी शांतिनगरची कल्पना होती. जागा होती, पण बांधायला पैसा नव्हता.

आणि मग मुंबई. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय युखरिस्टिक काँग्रेससाठी परमगुरू सहावे पॉल मुंबईत आले. त्यांच्या वापरासाठी अमेरिकेहून पांढरी लिंकन गाडी भेट आली होती. परत जाताना त्यांनी ती मदरना देऊन टाकली. एवढी मोठी गाडी मदरच्या काय कामाची? विकली असती तर बरे पैसे आले असते. मदरनी ती सरळ विकली नाही, सोडत काढली. पोपसाहेब बसलेली गाडी नशिबाने आपल्या दारात येईल म्हणून लोकांनी तिकिटे घेतली आणि चार लाखांहून अधिक रुपये जमले. विक्रीतून आले असते त्याच्या कितीतरी पट. त्या पैशातून शांतिनगरच्या इमारती उभ्या राहू लागल्या.

एवढे ऐकून सोडतीच्या बाजूची मंडळी खूश होतील. पण त्यांनी पुढचेही ऐकावे. ह्याच मदरनी नंतरच्या काळात आपल्या नावाने निधी गोळा करण्यास सहकाऱ्यांना मनाई केली. कायम उत्पन्नाची तजवीज त्यांना नको होती. कायमस्वरूपी ठेव ठेवू पाहणाऱ्यांना त्यांनी नकार दिला. आपण देवाच्या भरवशावरून बँकेच्या भरवशावर जाऊ, ही भीती त्यांना होती. १९७९ साली ऑस्लोला नोबेल पारितोषिक घ्यायला गेल्या तेव्हा सन्मानाची मेजवानी रद्द करून तो पैसा गरिबांना द्यावा, असे त्यांनी सुचवले आणि तसे झालेही.

मग खऱ्या मदर कोणत्या? सोडत काढणाऱ्या की मनाई करणाऱ्या? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना साध्य आणि साधन यांवर आम्ही रात्र रात्र वाद घातले आहेत. इथे आम्हांला विसंगती दिसत नाही. १९६४ मध्ये एका ठरावीक गावासाठी, ठरावीक भिंतींसाठी पैसा हवा होता. भिंती झाल्या की काम संपले. पुढे संस्था जगभर पसरली, नाव मोठे झाले, आणि नावाकडे पैसा आपोआप येऊ लागला. तेव्हा धोका गरजेच्या पलीकडे जमवत राहण्याचा होता. त्यांनी मनाई केली ती त्या सवयीला.

मदरवर टीकाही झाली, आणि ती लपवून चरित्र सांगणे आम्हांला योग्य वाटत नाही. १९९४ साली लॅन्सेट ह्या वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांनी कालीघाटला भेट देऊन तिथल्या निदानातील उणिवा आणि तीव्र वेदनाशामक औषधांचा अभाव दाखवून दिला. देणग्यांचा हिशेब जाहीर होत नाही, ज्यांचा पैसा घेऊ नये अशांचाही घेतला गेला, हेही आक्षेप होते. संत म्हणजे चुका न करणारी व्यक्ती असे ख्रिस्तसभा मानत नाही. ४ सप्टेंबर २०१६ रोजी त्यांना संतपद जाहीर झाले तेव्हाही हे आक्षेप मिटले नव्हते. हिशेबाच्या बाबतीत आम्ही टीकाकारांच्या बाजूला झुकतो. देवावर भरवसा ठेवणाऱ्याने वही ठेवू नये असे कुठे आहे?

वहीचे महत्त्व आम्ही ठेच लागून शिकलो. पूर्वी एका ठिकाणी आम्ही रुग्णालयाच्या मदतीसाठी संगीतरजनी केली होती. मंडप, जनरेटर, ध्वनिक्षेपक, कलाकारांचे जेवण आणि पाहुण्यांच्या शाली यांत जमा रकमेचा मोठा भाग गेला. रुग्णांसाठी उरले ते सांगायला लाज वाटावी इतके. कार्यक्रम मात्र छान झाला असे सगळे म्हणाले, आम्हीसुद्धा.

आता हिमायतनगरविषयी. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर कुष्ठरोगाचे प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आल्याचे जाहीर झाले, आणि पुष्कळांना रोग संपला असे वाटले. आजही भारतात दरवर्षी एक लाखाच्या आसपास नवे रुग्ण सापडतात. बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतो, सहा महिने किंवा वर्षभर गोळ्या घेतल्या की रोग बरा होतो. म्हणजे गोळ्यांसाठी आपण निधी जमवायचा नाही. ज्यांच्या हातापायांची संवेदना आधीच गेली आहे, त्यांच्यासाठी मऊ रबराच्या एम.सी.आर. चपला, जखमेच्या पट्ट्या, दवाखान्यात जाण्यायेण्याचे भाडे, मुलांची शाळा, ही खरी गरज. परमेश्वराच्या यात्रेत रस्त्याकडेला बसलेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्या पायांत काय असते ते किती जणांनी पाहिले?

म्हणून आमची सूचना अशी. ऑर्केस्ट्रा नको. सोडत काढायची तर सरकारी परवानगी लागते, शिवाय आपल्याकडे पोपसाहेबांची गाडी नाही. भगिनींनी घरून पदार्थ करून आणावेत, मंडप नको, चर्चचे आवार पुरे आहे. तूर आणि कापूस घरात आलेला असतो, तेव्हा जानेवारीत लोकांच्या हातात थोडे पैसे असतात. रोख नसेल त्याने पायलीभर तूर आणली तरी चालेल. सरकारी दवाखान्यातील कुष्ठरोग कर्मचाऱ्यांना बोलवावे, अंगावरच्या फिकट किंवा लालसर, बधिर चट्ट्यांची तपासणी त्याच दिवशी व्हावी. संकोच वाटू नये म्हणून पहिली तपासणी आम्ही करून घेऊ. जमाखर्च पुढच्या रविवारी पै-पैसह दारावर लागेल. मावशींच्या प्रश्नाला उत्तर: फळ्यावर खर्च लिहू, देणाऱ्यांची नावे नाही.

पुढच्या रविवारी मिस्सानंतर पुन्हा बैठक आहे. येताना आपल्या ओळखीत चपलांची गरज असलेले कोणी असेल तर त्याच्या पावलाचे माप कागदावर काढून आणावे, दोन्ही पावलांचे वेगवेगळे, कारण ह्या आजारात ती बहुधा सारखी राहत नाहीत.