डॉ. होमी जहांगीर भाभा

आमच्या धाराशिव जिल्ह्यांतील मुलांस माती म्हटली म्हणजे काळी जमीन डोळ्यांपुढें येते. समुद्रकांठची वाळू पुष्कळांनीं पाहिलीही नसेल. केरळाच्या किनाऱ्यावर मात्र अशी वाळू आहे कीं, तिच्यांत मोनाझाइट नांवाचें खनिज असून त्या खनिजांत थोरियम हा धातु असतो. या वाळूंत आपल्या देशाचें भावी इंधन आहे, असें ज्यांनीं ओळखलें त्या पुरुषाचें चरित्र वाचकांस थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

होमी भाभा यांचा जन्म मुंबईस एका सुशिक्षित पारशी कुटुंबांत ता. ३० ऑक्टोबर १९०९ रोजीं झाला. त्यांचें शालेय शिक्षण ख्रिस्ती मंडळींनीं स्थापिलेल्या कॅथीड्रल व जॉन कॉनन शाळेंत झालें. पुढें एल्फिन्स्टन कॉलेज व रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स येथें शिकून ते १९२७ सालीं केंब्रिज येथें गेले. मुलानें इंजिनीयर होऊन जमशेटपुरास टाटांच्या लोखंडाच्या कारखान्यांत काम करावें, अशी वडिलांची इच्छा होती. मुलाचा ओढा गणित व पदार्थविज्ञान यांकडे. अखेर तडजोड झाली ती अशी, कीं यंत्रशास्त्राच्या परीक्षेंत पहिला वर्ग मिळाल्यास पुढें गणित शिकण्यास वडिलांनीं खर्च द्यावा. १९३० सालीं पहिला वर्ग मिळाला आणि वडिलांनीं शब्द पाळला. आमच्या पालकवर्गानें या पित्याकडेही लक्ष द्यावें.

केंब्रिज येथें त्यांनीं विश्वकिरणांचा अभ्यास केला. आकाशांतून येणारा एक वेगवान कण वातावरणांत शिरला म्हणजे त्यापासून किरण, किरणापासून पुन्हा कणांची जोडी, असें होत होत जमिनीपर्यंत कणांची सरच कशी कोसळते, हें त्यांनीं व हाइटलर यांनीं १९३७ सालीं गणितानें दाखवून दिलें.

१९३९ सालीं ते सुटींत घरीं आले असतां महायुद्ध पेटलें व परतीची वाट बंद झाली. तेव्हां बंगलोर येथें सर चंद्रशेखर रामन यांच्या संस्थेंत त्यांनीं काम पत्करलें. युद्ध संपतांच पुन्हा विलायतेस जावें, असें आरंभीं त्यांच्या मनांत होतें. विलायतेंत नांव झालें होतें, मित्र होते, साधनें होतीं. इकडे त्यांपैकीं फारसें कांहीं नव्हतें. तरीही मन पालटलें. मार्च १९४४ मध्यें त्यांनीं टाटा विश्वस्तांस पत्र लिहून संशोधनसंस्थेसाठीं साहाय्य मागितलें. कांहीं वर्षांनीं अणुशक्तीपासून वीज निघूं लागेल, त्या वेळीं हिंदुस्थानास तज्ज्ञांसाठीं परदेशाकडे पाहावें लागूं नये, असा त्या पत्राचा आशय होता. हिरोशिमावर बाँब पडण्यास तेव्हां अद्यापि सव्वा वर्षाहून अधिक अवधि होता, हें ध्यानांत घेतलें म्हणजे त्या दूरदृष्टीचें नवल वाटतें. १९४५ सालीं संस्था निघाली व १९४८ सालीं अणुशक्ति मंडळाचें अध्यक्षपद त्यांजकडे आलें.

येथून त्यांचें कार्य रसायनशास्त्राच्या प्रांतांत शिरलें. आपल्याकडे युरेनियम थोडें, थोरियम विपुल. परंतु थोरियम स्वतः पेटत नाहीं. त्याच्या अणूनें न्यूट्रॉन गिळला म्हणजे त्यापासून यथाक्रम युरेनियम-२३३ होतें आणि तें इंधनाच्या कामीं येतें. यासाठीं भाभांनीं तीन पायऱ्या आंखल्या: प्रथम युरेनियमाच्या भट्ट्या, त्यांच्या राखेंतून प्लुटोनियम, आणि शेवटीं थोरियम. राख म्हणावयाची ती लाकडासारखी नव्हे. भट्टींतून निघालेल्या कांड्या इतक्या घातक किरणांनीं भरलेल्या असतात कीं, जाड भिंतींआड, दुरून चालविलेल्या यंत्रांनींच त्या नायट्रिक आम्लांत विरघळवून त्यांतून प्लुटोनियम निराळें काढावें लागतें. हा कारखाना होमी सेठना यांच्या देखरेखीखालीं तुर्भ्यास उभा राहिला व जानेवारी १९६५ मध्यें पंतप्रधान लालबहादुर शास्त्री यांच्या हस्तें त्याचें उद्घाटन झालें. त्यापूर्वींच, ता. ४ ऑगस्ट १९५६ रोजीं, तेथील 'अप्सरा' ही अणुभट्टी सुरू झाली होती. रशिया वगळतां आशियांतील ती पहिलीच. तिचें इंधन मात्र ब्रिटनहून आलें होतें.

भाभा अविवाहित होते. ते उत्तम चित्रें काढीत, पाश्चात्य संगीतांत रमत. बांधकामाच्या आड येणारें झाड तोडण्याऐवजीं मुळांसकट उचलून अन्यत्र लावावें, असा त्यांचा आग्रह असे.

त्यांच्या सर्वच अपेक्षा फळास आल्या असें नाहीं. देशाच्या एकूण विजेंत अणुविजेचा वाटा आजही शेंकडा तीनच्या आसपास आहे, आणि थोरियमावर चालणारीं मोठीं वीजकेंद्रें अद्यापि उभीं राहिलेलीं नाहींत. आणखी एक गोष्ट आम्हांस अवघड वाटते. अणूच्या शांततामय उपयोगासाठीं १९५५ सालीं जिनीव्हास भरलेल्या जागतिक परिषदेचे हेच भाभा अध्यक्ष होते. आणि १९६४ सालीं चीननें अणुस्फोट केल्यावर अणुबाँब फारसा खर्चाचा नाहीं, असें रेडिओवरून सांगणारेही हेच. देशाच्या रक्षणाची काळजी त्यांच्या मनांत असेल. पण या दोन भाभांची सांगड आम्हांस नीटशी घालतां येत नाहीं.

ता. २४ जानेवारी १९६६ रोजीं व्हिएन्नाच्या सभेस जात असतां त्यांचें 'कांचनजंगा' हें विमान आल्प्स पर्वतांतील माँ ब्लाँ शिखराजवळ आदळलें. ११७ माणसें मेलीं. भाभांचें वय ५६ वर्षांचें होतें. पुढील वर्षीं तुर्भ्याच्या केंद्रास त्यांचें नांव देण्यांत आलें. १९६९ सालीं आपल्याच राज्यांतील तारापूर येथें अणुवीज निघूं लागली. त्या विमानांतील भारत सरकारच्या टपालाची एक थैली हिमनदीच्या बर्फांतून बाहेर आली ती २०१२ सालीं, म्हणजे ४६ वर्षांनीं.