जॉर्जिना बॅलंटाइन
जॉर्जिना बॅलंटाइन (१८८९ – १९७०) ह्या स्कॉटलंडमधील केपथ गावच्या रहिवासी होत्या. पहिल्या महायुद्धात त्यांनी परिचारिका म्हणून सेवा केली. ७ ऑक्टोबर १९२२ रोजी सायंकाळी टे नदीत वडिलांसमवेत नावेतून मासेमारी करीत असता त्यांच्या गळाला ६४ पौंड (सुमारे २९ किलोग्रॅम) वजनाचा सॅमन लागला. दोन तासांच्या झुंजीनंतर, काळोख पडल्यावर, तो नावेत घेता आला. ब्रिटनमध्ये गळाने धरलेल्या सॅमनचा हा विक्रम अद्याप अबाधित आहे. पर्थ शहरातील एका दुकानात तो मासा मांडला असता, एवढा मासा स्त्रीच्या हातून निघणे अशक्य, हा प्रेक्षकांचा निर्वाळा गर्दीत मागे उभ्या असलेल्या जॉर्जिनांनी स्वतःच ऐकला. मासा पुढे पर्थच्या रुग्णालयास देण्यात आला.