कमलाबाईंचा बटाटा

गेल्या महिन्यात नातीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होते. खारघरच्या डोंगराकडे खिडक्या असलेली त्यांची जीवशास्त्राची प्रयोगशाळा त्या दिवशी आई-वडिलांना आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्या आजोबांनाही खुली होती. खिडकीतल्या उन्हात एक चंचुपात्र, त्यात पालथ्या नरसाळ्याखाली हायड्रिलाच्या काड्या आणि वर पाण्याने भरलेली परीक्षानळी. काड्यांतून बारीक बुडबुडे सुटून नळीत चढत होते. नात पुठ्ठा धरून सावली करी, की ते मंदावत. पुठ्ठा काढला की पुन्हा चालू. शेजारच्या टेबलावर आयोडीन टाकलेले एक पान होते. अर्धे काळ्या कागदाखाली झाकलेले होते ते पिवळट राहिलेले, उघडे अर्धे निळेकाळे झालेले. आणि त्याच्या जोडीला बशीत बटाट्याची चकती, तीही निळीकाळी. पानाने उन्हात साखर केली, झाडाने ती बटाट्यात स्टार्च करून साठवली, असे नातीने मला दमात समजावले.

ती चकती पाहून मला कमला सोहोनी आठवल्या. दुर्गा भागवतांचे नाव मराठी घरात सांगावे लागत नाही. कमलाबाई त्यांच्या धाकट्या बहीण. जन्म १९११ चा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. त्यामुळे १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी. एस्सी. पहिल्या क्रमांकाने झाल्यावर कमलाबाईंनी त्याच संस्थेकडे अर्ज केला, यात नवल नव्हते. नवल वाटले ते उत्तराचे. संस्थेचे संचालक होते सर चंद्रशेखर वेंकट रामन. तीनच वर्षांपूर्वी नोबेल पारितोषिक मिळवलेले. त्यांनी अर्ज नाकारला. गुणांचा प्रश्नच नव्हता, अर्जदार मुलगी होती एवढेच.

कमलाबाई घरी रडत बसल्या नाहीत. सरळ बंगलोरला जाऊन रामन यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि नकाराचे कारण विचारले. माघार घ्यायची त्यांची तयारी नव्हती. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष त्यांना नियमित विद्यार्थिनी मानले जाणार नाही. मार्गदर्शक सांगतील तितक्या रात्रीपर्यंत काम करावे लागेल. आणि त्यांच्यामुळे प्रयोगशाळेतल्या मुलांचे लक्ष विचलित होता कामा नये. मी बँकेत लागलो तेव्हा आम्हालाही प्रोबेशन होते. पण ते सगळ्या तुकडीला सारखे होते, आणि कोणाच्या नुसत्या असण्याने खातेवहीचे वातावरण बिघडेल, असे कोणी आम्हाला बजावले नव्हते. हे वर्ष कमलाबाईंनी मुकाट्याने काढले, पण विसरल्या मात्र नाहीत. भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेने (तिचे कार्यालय आमच्या खारघरपासून जवळच, वाशीला आहे) १९९७ मध्ये त्यांचा सत्कार केला, तेव्हाही त्या अपमानाची आठवण त्यांनी स्पष्ट शब्दांत सांगितली.

बंगलोरला श्रीनिवासय्या हे मार्गदर्शक कडक, पण मन लावून शिकवणारे. दूध, डाळी आणि कडधान्ये यांतल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केले आणि १९३६ मध्ये एम. एस्सी. मिळवली. त्यांचे काम पाहून रामन यांनी मुलींना प्रवेश द्यायला सुरुवात केली. मोठ्या माणसाने आपली चूक अशी निमूटपणे दुरुस्त करणे हेही थोडके नव्हे. पण त्याची किंमत एका मुलीने एक वर्ष भरली होती.

तिथून शिष्यवृत्तीवर त्या केंब्रिजला गेल्या. जीवनसत्त्वांवरच्या कामाबद्दल नोबेल मिळालेल्या हॉपकिन्स यांच्या विभागात जागा नव्हती. तेव्हा रिश्टर नावाच्या संशोधकाने आपले टेबल दिवसा त्यांना देऊ केले. रात्री तो स्वतः त्याच टेबलावर झोपे, असे सांगतात. पुढे रिश्टर दुसरीकडे गेला आणि कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे काम करू लागल्या.

नातीच्या त्या बुडबुड्यांशी या हिलचा जवळचा संबंध आहे. पानातली हरितलवके वेगळी काढून उजेडात ठेवली तर त्यांतून प्राणवायू सुटतो, हे त्यांनी १९३७ साली दाखवले. अख्ख्या पानाचीही गरज नाही आणि कर्बवायूचीही नाही. हायड्रिलातून निघणारा प्राणवायू पाण्याच्या रेणूतून येतो, हे पुढे पक्के झाले, त्याची वाट इथून गेली.

कमलाबाईंच्या वाट्याला आला तो बटाटा. प्रकाशसंश्लेषण हा जमेचा व्यवहार, तर ती साखर वापरून शक्ती मिळवणे हा खर्चाचा. (कॅश काउंटरवर उभे आयुष्य गेलेल्या माणसाला याहून चांगली उपमा सुचत नाही.) हा खर्चाचा व्यवहार पेशीत ज्या द्रव्यांच्या हातून होतो, त्यांपैकी एक म्हणजे सायटोक्रोम सी. प्राण्यांच्या पेशींत ते माहीत होते. ते वनस्पतींच्या पेशींतही असते, हे कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून दाखवले. म्हणजे श्वास घेताना आपण आणि बटाटा एकाच जातीचे हिशेब ठेवतो! त्यांचा प्रबंध पानांच्या संख्येने अगदी लहान होता. १९३९ मध्ये त्याच्यावर त्यांना पीएच. डी. मिळाली. विज्ञान विषयात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री ठरल्या.

त्याच वर्षी त्या भारतात परतल्या. दिल्लीचे लेडी हार्डिंग महाविद्यालय, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईला आल्या, विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. संचालकपद मात्र अंतर्गत राजकारणामुळे चार वर्षे लांबले. दारात थांबवून ठेवण्याची रीत एवढ्या वर्षांनीही सुटली नव्हती.

राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. ताडमाडाच्या पानांनी उन्हात केलेली साखर नीरेत उतरते, त्याबरोबर जीवनसत्त्वे आणि लोहही येते. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गर्भवतींना ती दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली, हे त्यांच्या कामातून दिसून आले. या कामाला राष्ट्रपतींचे पारितोषिक मिळाले. आरे दूध प्रकल्पाला त्यांनी सल्ला दिला. १९६६ मध्ये मुंबईत ज्या नऊ स्त्रियांनी ग्राहक मार्गदर्शन संस्था उभी केली, त्यांत त्या होत्या. भेसळ कशी ओळखावी हे घरोघरच्या बायकांना कळावे म्हणून ही केंब्रिजची डॉक्टर साध्या भाषेत लेख लिहीत असे.

१९९८ मध्ये दिल्लीला आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने ठेवलेल्या त्यांच्या सत्कार समारंभातच त्या कोसळल्या, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत गेल्या.

परतताना रिक्षात हे सगळे नातीला सांगितले. तिने रामन यांच्याविषयी काहीच विचारले नाही. तिला आवडला तो टेबलावर झोपणारा रिश्टर. आणि उरलेला बटाटा शाळेत आयोडीन टाकून वाया घालवला याबद्दल तिच्या आजीने आम्हा दोघांनाही बोलून घेतले.