दिव्यापलीकडची फ्लॉरेन्स नाइटिंगेल

(द्वितीय वर्ष, कला)

फ्लॉरेन्स नाइटिंगेल म्हटले की हातात दिवा घेऊन रात्री जखमी सैनिकांच्या खाटांमधून फिरणारी एक स्त्री डोळ्यांसमोर उभी राहते. शाळेत असताना मलाही ती एवढीच ठाऊक होती. दया, माया, सेवा हे तीन शब्द उत्तरपत्रिकेत लिहिले की गुण मिळत. परंतु गेल्या वर्षी माझ्या आजोबांच्या आजारपणात एक रात्र अशी आली की, ही बाई त्या दिव्याच्या उजेडात नेमके काय पाहत असेल, हा प्रश्न मला पडला. म्हणून हा लेखनप्रपंच.

आबांना दम्याचा जुना त्रास. त्यांना तालुक्याच्या गावी दवाखान्यात ठेवले होते. घरात कॉलेजात शिकणारा मी पहिलाच. त्यामुळे डॉक्टरांचे बोलणे याला कळेल, अशा विश्वासाने रात्री सोबतीला मला बसवले. मी उशाशी बसून आबांना धीर देत होतो. काही होणार नाही, दोन दिवसांत घरी जाऊ, असे सांगत होतो. वर्तमानपत्र वाचून दाखवत होतो. आबा नुसती मान हलवत. मध्यरात्री पाळीवरच्या सिस्टर आल्या. त्यांनी आधी आबांची छाती कशी वरखाली होते ते पाहिले. पाठीशी उशा देऊन त्यांना बसते केले. थंडी लागेल म्हणून मी लावून घेतलेली खिडकी उघडली आणि आबांच्या अंगावर पांघरूण नीट घातले. मग अंगाखाली हात घालून पाहिला आणि चादर बदलली. ती ओली होती. घोट घोट पाणी पाजले, खाटेचा कठडा वर केला आणि सर्वांत शेवटी गावाकडची चौकशी केली. थोड्या वेळाने आबांना झोप लागली. चादर ओली झाल्याचे नातवाला सांगायला त्यांना संकोच वाटला होता आणि नातवाने विचारले नव्हते. मी दोन तास त्यांच्याजवळ बसून होतो, हे आठवले की अजून शरम वाटते.

पुढे मानसशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर एक त्रिकोण काढून अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा १९४३ सालचा सिद्धान्त शिकवला. श्वास, अन्न, पाणी, झोप या शरीराच्या गरजा तळाशी, त्यांवर सुरक्षितता, त्यावर प्रेम आणि आपलेपणा, त्यावर मानसन्मान, आणि शिखरावर आपल्या अंगच्या गुणांचे सार्थक करण्याची ओढ. मला त्रिकोणाऐवजी आमच्या आजीच्या स्वयंपाकघरातील मडक्यांची उतरंड आठवली. खालचे मडके हलले की वरची सगळी खाली. परिचारिकांच्या शिक्षणातही हीच उतरंड वापरतात. एकाच वेळी दहा रुग्णांना दहा गोष्टी हव्या असतात, तेव्हा आधी कोणाकडे आणि कशासाठी जायचे, हे ठरवायला ती उपयोगी पडते. त्या रात्री सिस्टर उतरंडीच्या तळापासून वर गेल्या होत्या. मी एकदम वरच्या मडक्याला हात घातला होता.

मॅस्लोचा जन्म १९०८ सालचा. तो दोन वर्षांचा असताना फ्लॉरेन्स वारली. म्हणजे त्रिकोण तिने पाहिला नव्हता. पण रुग्णाला आधी काय हवे आणि मग काय, हा हिशेब तिने कितीतरी आधी मांडला होता. तो तिला सुखासुखी सापडला नाही.

फ्लॉरेन्सचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. शहराचेच नाव तिला ठेवले. घर अतिशय श्रीमंत. इंग्लंडात डर्बीशर आणि हॅम्पशर अशा दोन परगण्यांत मोठी घरे. वडिलांनी मुलींना स्वतः लॅटिन, ग्रीक, इतिहास, तत्त्वज्ञान शिकवले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण आवड. वयाच्या सतराव्या वर्षी, १८३७ साली, ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे, असे तिला मनोमन वाटले. १८४५ साली तिने सॅलिसबरीच्या रुग्णालयात काम शिकायला जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा घरात आकांत झाला. त्या काळी रुग्णालयातील परिचारिका म्हणजे अशिक्षित, दारूबाज बाई, असा सर्वत्र समज होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावीशी वाटते. या मुलीच्या उतरंडीतील खालची सारी मडकी काठोकाठ भरलेली होती. अन्न, घर, सुरक्षितता, मायेची माणसे, समाजात मान, काही कमी नव्हते. रिकामे होते ते फक्त सर्वांत वरचे. त्या एका रिकाम्या मडक्यापायी ती अनेक वर्षे झुरत राहिली. लग्नाची चांगली मागणीही तिने नाकारली. अखेर १८५१ साली जर्मनीत कायझर्सवर्थ येथील संस्थेत तिला सुमारे तीन महिने शिकायला मिळाले. १८५३ साली लंडनमध्ये आजारी स्त्रियांच्या एका छोट्या रुग्णालयाची व्यवस्था तिच्याकडे आली. तिथे तिने मागितले काय? प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी, जेवण वर चढवण्यासाठी पाळणा, आणि कोणत्या रुग्णाने बोलावले ते दाखवणारी घंटा. परिचारिकेचे पाय जिन्यात झिजू लागले, तर ती रुग्णापाशी असणार केव्हा, हा तिचा विचार होता.

१८५४ साली इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. जखमी इंग्रज सैनिकांच्या हालअपेष्टा वृत्तपत्रांतून प्रसिद्ध होताच सरकारने तिला धाडले. ३८ परिचारिका घेऊन ती ४ नोव्हेंबर १८५४ रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचली. लष्करी डॉक्टरांना या बायका नको होत्या. त्यांनी बोलावल्याखेरीज एकीनेही रुग्णाला हात लावायचा नाही, असे फ्लॉरेन्सने बजावले. तोवर त्या गाद्यांत पेंढा भरत आणि सदरे शिवत बसल्या. जखमींची रीघ लागली तेव्हा डॉक्टरांनीच त्यांना हाक मारली. मग तिने घासण्याचे ब्रश मागवले, कपडे उकळून धुण्याची सोय केली, दुबळ्या रुग्णांसाठी वेगळे स्वयंपाकघर उघडले. सैनिकांची पत्रे लिहून दिली, त्यांचा पगार घरी पोहोचता केला, वाचनाची खोली काढली. माणूस बरा होऊ लागला की त्याला घर आठवते आणि मान हवासा वाटतो, हे ती ओळखून होती.

आणि तरीही त्या हिवाळ्यात माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी १८५५ मध्ये मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४२ च्या घरात गेले. जखमांपेक्षा हगवण, ज्वर, पटकी यांनीच अधिक बळी घेतले. मार्च महिन्यात डॉ. जॉन सदरलंड आणि इंजिनियर रॉबर्ट रॉलिन्सन यांचे आरोग्य मंडळ आले. इमारतीखालची गटारे तुंबलेली होती. पाण्याच्या वाटेत मेलेले घोडेसुद्धा सापडले. मंडळाने गटारे धुऊन काढली, हवा खेळती केली. जूनपर्यंत मृत्यूंचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास आले.

१८५६ साली ती परतली तेव्हा सारा देश तिचा जयजयकार करीत होता. ती मात्र आकडे मांडत बसली. विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने हिशेब करताना तिला दिसले की, आपण जीव तोडून अन्न, कपडे आणि माया देत होतो, तेव्हा खाली गटार आणि कोंडलेली हवा माणसे मारीत होती. सर्वांत खालचे मडके फुटलेले होते. जिचे पुतळे उभारायची तयारी चालली आहे, तिने ही गोष्ट लपवली असती तरी कोणी विचारले नसते. तिने ती रंगीत आकृत्या काढून मंत्र्यांपुढे ठेवली. १८५८ साली लंडनच्या संख्याशास्त्र संस्थेने तिला सभासद करून घेतले. हा मान मिळवणारी ती पहिली स्त्री.

१८५९ साली तिने ‘नोट्स ऑन नर्सिंग’ हे छोटे पुस्तक लिहिले. त्यातील पहिले प्रकरण दयामायेचे नाही. ते हवा आणि ऊब यांचे आहे: खिडकी उघडी हवी, पण रुग्णाला गारठा लागता कामा नये. मग घराची स्वच्छता, पाणी, गटारे, उजेड. मग गोंगाट, मनाला विरंगुळा, अन्न, अंथरूण. रुग्णाला पोकळ धीर देणाऱ्यांसाठी एक स्वतंत्र प्रकरण आहे. ते वाचताना ही बाई माझ्याशीच बोलते आहे असे वाटून मी पुस्तक क्षणभर मिटले. अखेरीस निरीक्षणाचे प्रकरण येते. दिवा कशासाठी होता, याचे उत्तर मला तिथे मिळाले. तो पाहण्यासाठी होता.

१८६० साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात तिचे परिचारिका विद्यालय सुरू झाले. क्रिमियातील आजाराने तिची प्रकृती कायमची खालावली होती. कित्येक वर्षे तिने अंथरुणातूनच काम केले. आपल्या देशात ती कधी आली नाही. पण हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेत वर्षाला हजारी ६९ शिपाई मरतात, हे १८६३ च्या अहवालात तिने दाखवून दिले. खेडी रोगट राहिली तर छावणी निरोगी राहणार नाही, हे ओळखून पुढे ती दुष्काळ, पाटबंधारे आणि ग्रामस्वच्छता यांवर लिहीत राहिली. पुण्याच्या सार्वजनिक सभेशीही तिचा पत्रव्यवहार होता. १९०७ साली तिला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा किताब मिळाला. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, तिचे निधन झाले.

आबा आता घरी आहेत. हिवाळ्यात त्यांना धाप लागते. मी जवळ जातो, आधी खिडकी पाहतो, उशी वर सरकवतो, अंथरुणाला हात लावून बघतो, पाण्याचा तांब्या हाताशी ठेवतो. एवढे झाले की आबा स्वतःच बोलायला लागतात आणि पेपरात काय आले ते विचारतात.