विश्लेषण : मार्शल पेताँ यांना काय म्हणायचे?

फिलिप पेताँ यांच्या नावापुढे ‘वीर’ लिहायचे की ‘देशद्रोही’, यावर फ्रान्समध्ये आजही भांडण होते. २०१८ मध्ये पहिल्या महायुद्धातील मार्शलांच्या सन्मानात त्यांचे नाव येण्याची शक्यता दिसताच गदारोळ झाला आणि सरकारने माघार घेतली.

१८५६ मध्ये शेतकरी घरात जन्मलेले पेताँ ते युद्ध सुरू झाले तेव्हा निवृत्तीला टेकलेले कर्नल होते. १९१६ मध्ये त्यांनी व्हर्दून वाचवले, पुढच्या वर्षी बंडाळी माजलेले सैन्य सावरले. हे नाकारण्याचे कारण नाही.

*हिटलरने बसवलेले बाहुले?*

नाही. जून १९४० मध्ये फ्रान्स कोसळताना ८४ वर्षांचे पेताँ पंतप्रधान झाले. १० जुलैला व्हिशी येथे फ्रेंच खासदारांनीच ५६९ विरुद्ध ८० मतांनी त्यांच्या हाती सर्वाधिकार सोपवले. ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सरकारने ज्यूंना सरकारी पदे, अध्यापन व वृत्तपत्रांतून हाकलणारा कायदा केला. तशी जर्मन मागणी नव्हती. २०१० मध्ये त्याचा मसुदा समोर आला; पेताँ यांच्या मानल्या जाणाऱ्या हस्ताक्षरातील दुरुस्त्यांनी तो आणखी कडक झाला होता. त्याच महिन्यात ते माँत्वार येथे हिटलरला भेटले आणि जर्मनीशी सहकार्याचे धोरण रेडिओवरून जाहीर केले.

जुलै १९४२ मध्ये पॅरिसमध्ये सुमारे १३ हजार ज्यूंची धरपकड झाली. त्यांत चार हजारांहून अधिक मुले होती. पकडणारे पोलीस फ्रेंच होते. ‘नाझींनी पकडले’ एवढेच लिहिले, तर नेमकी हीच गोष्ट वाक्यातून निसटते. युद्धकाळात फ्रान्समधून सुमारे ७६ हजार ज्यू छळछावण्यांकडे रवाना झाले, त्यांतील फार थोडे परतले.

*ढालीचा दावा*

पेताँ यांनी देशासाठी ढाल बनून वाईटातले वाईट टाळले, असा बचाव १९४५ च्या खटल्यात झाला. फ्रान्समधील सुमारे तीन चतुर्थांश ज्यू वाचले, हे खरेच. पण त्यात शेजारी, धर्मगुरू आणि खोटी कागदपत्रे बनवणाऱ्यांचा वाटा मोठा होता. जर्मन दप्तरे तपासून अमेरिकी इतिहासकार रॉबर्ट पॅक्स्टन यांनी १९७२ मध्ये दाखवले, की सहकार्यासाठी व्हिशी सरकारच पुढे सरसावत होते.

न्यायालयाने मृत्युदंड दिला. कधीकाळी पेताँ यांच्याच रेजिमेंटमध्ये असलेल्या द गॉल यांनी वय पाहून तो जन्मठेपेवर आणला. १९५१ मध्ये, ९५ व्या वर्षी, इल द्यू बेटावर पेताँ वारले. १९७३ मध्ये समर्थकांनी व्हर्दूनजवळ पुरण्यासाठी त्यांची शवपेटी पळवली. काही दिवसांतच ती सापडली आणि पुन्हा बेटावरच पुरण्यात आली.